दोन पॉलिसींच्या सांध्यात ज्येष्ठांचे पैसे गळतात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाल्यानंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात विम्याविषयी विचारणा करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ४०,००० रुपयांच्या हप्त्यामागे ७,२०० रुपयांचा कर वाचणार असेल, तर त्या पैशात आहे त्या मेडिक्लेमला जोड म्हणून आणखी एखादी पॉलिसी घ्यावी, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे आणि तो योग्यही आहे. मात्र ही जोड-पॉलिसी निवडताना बहुतेक जण विमा रक्कम किती आणि हप्ता किती, एवढेच पाहतात. मूळ पॉलिसी जिथे संपते आणि जोड-पॉलिसी जिथे सुरू होते, तो सांधा कोणी तपासत नाही. गेल्या काही वर्षांत माझे स्वतःचे आणि माझ्या परिचयातील निवृत्तांचे जे पैसे गेले, ते जवळजवळ सगळे या सांध्यातूनच गेले. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी पिंपरीतील एका अभियांत्रिकी कारखान्याच्या भांडार विभागात ३४ वर्षे काम करून २०१९ मध्ये निवृत्त झालो. नोकरीत असताना कंपनीचा समूह विमा होता आणि त्याच्या अटी वाचण्याची वेळ कधी आली नाही. निवृत्तीबरोबर ते छत्र संपले. समूह विम्यातील सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते आणि आधी पूर्ण केलेल्या प्रतीक्षा कालावधीचा, म्हणजे जुन्या आजारांसाठी दावा मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळाचा, लाभ सोबत नेता येतो, हे एका सहकाऱ्याने वेळेवर सांगितले, त्यामुळे पत्नीचा मधुमेह आणि माझा रक्तदाब असूनही आम्हा दोघांना मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी मिळाली. पुण्यातील रुग्णालयांचे दर पाहता ५ लाख अपुरे पडतील हे दिसत होते, म्हणून त्याच सुमारास एका बँकेच्या शाखेत १० लाखांचा टॉप-अप घेतला. त्याचा हप्ता फारच कमी होता. ‘तुमचे ५ लाख संपले की हे १० लाख सुरू होतात,’ असे मला तेथे सांगण्यात आले आणि मी ते तसेच धरून चाललो.

२०२२ च्या जूनमध्ये पत्नीची अँजिओप्लास्टी झाली. ३ लाख ९० हजारांचे बिल मूळ पॉलिसीतून भागले. डिसेंबरमध्ये ती अंगणात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेचे बिल ४ लाख ३० हजारांवर गेले. मूळ पॉलिसीत तेव्हा १ लाख १० हजारच शिल्लक होते. उरलेल्या ३ लाख २० हजारांसाठी मी टॉप-अपच्या कंपनीकडे कागदपत्रे दिली आणि दावा नाकारला गेला. पॉलिसीत लिहिले होते की ५ लाखांची वजावट, म्हणजे ज्याला सगळे डिडक्टिबल म्हणतात ती, रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रत्येक वेळेला स्वतंत्रपणे लागू होईल. जूनचे बिल ५ लाखांच्या आत होते आणि डिसेंबरचेही आत होते, त्यामुळे वर्षभरात ८ लाख २० हजार खर्च होऊनही त्या १० लाखांतला एकही रुपया देय नव्हता. कंपनीने अटींप्रमाणेच निर्णय दिला होता, म्हणून विमा लोकपालांकडे जाण्यातही अर्थ नव्हता. ते पैसे आम्ही भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून केलेली ठेव मुदतीआधी मोडून भरले.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांच्या नावांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण निवृत्त माणसासाठी तो फार मोठा आहे. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक बिल एकेकटे मोजले जाते. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या वर्षातील सर्व बिलांची बेरीज होते आणि ती बेरीज वजावटीच्या पुढे गेली की वरचा खर्च विमा रकमेपर्यंत दिला जातो. माझ्याकडे सुपर टॉप-अप असता तर ८ लाख २० हजारांतून ५ लाख वजा होऊन नेमके ते ३ लाख २० हजार मला मिळाले असते. तिशी-चाळिशीतल्या माणसावर एखादा मोठा अपघात वा एखादा गंभीर आजार ओढवला तर एकच मोठे बिल येण्याची शक्यता असते, आणि तेथे साधा टॉप-अपही उपयोगी पडू शकतो. साठीनंतरचे आजारपण बहुधा तसे येत नाही. उन्हाळ्यात मोतीबिंदू, पावसाळ्यात न्यूमोनिया, दिवाळीनंतर हृदयाचे काही, अशी दोन-तीन मध्यम बिले एका वर्षात येतात आणि त्यांतले एकही ५ लाखांची रेषा ओलांडत नाही. म्हणून निवृत्तांनी साधा टॉप-अप घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आज कपाटातून पॉलिसी काढून वजावटीचे कलम वाचावे. तेथे ‘प्रत्येक दाव्यासाठी’ किंवा ‘प्रत्येक वेळी दाखल झाल्यास’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ती साधी टॉप-अप पॉलिसी आहे. ‘पॉलिसी वर्षातील एकत्रित’ अशा अर्थाचे शब्द असतील तर ती सुपर टॉप-अप आहे.

सुपर टॉप-अप घेतला म्हणजे सांधा बुजला, असे मलाही वाटले होते. तो तेवढ्याने बुजत नाही, हे आमच्या संघातील एका सभासदाच्या अनुभवावरून कळले. त्यांची ५ लाखांची मूळ पॉलिसी १ एप्रिलला सुरू होत होती आणि ५ लाखांच्या वजावटीचा सुपर टॉप-अप त्यांनी पुढे १ सप्टेंबरला घेतला होता. ज्या वर्षी त्रास झाला त्या वर्षी मे महिन्यात ४ लाखांचे आणि ऑक्टोबरमध्ये साडेचार लाखांचे बिल आले. मूळ पॉलिसीच्या दृष्टीने दोन्ही बिले एकाच वर्षातली होती, म्हणून तिने आधी ४ लाख आणि नंतर उरलेला १ लाख दिला. सुपर टॉप-अपच्या दृष्टीने मात्र मे महिना जुन्या वर्षात आणि ऑक्टोबर नव्या वर्षात येत होता. नव्या वर्षाचे एकूण बिल साडेचार लाख, वजावट ५ लाख, म्हणून देय रक्कम शून्य. साडेतीन लाख रुपये केवळ दोन पॉलिसींच्या तारखा जुळत नव्हत्या म्हणून गेले. त्यावर उपाय साधा आहे. जोड-पॉलिसी मूळ पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तारखेलाच सुरू होईल अशी घ्यावी, आणि विकणाऱ्याने घाई केली तरी ती तारीख सोडू नये. हा उपाय मला आजवर एकाही एजंटाने सांगितलेला नाही, याचे वाईट वाटते.

तिसरी गळती प्रतीक्षा कालावधीची आहे. मूळ पॉलिसी दहा वर्षे जुनी असली तरी नवा सुपर टॉप-अप हा स्वतंत्र करार असतो आणि त्यातला प्रतीक्षा कालावधी पहिल्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा हा कालावधी जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, ही चांगलीच गोष्ट झाली. तरीही ज्याला पुढच्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करावी लागणार आहे, त्याला आज घेतलेल्या जोड-पॉलिसीचा त्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा उपयोग होणार नाही, हे त्याला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती. पण हे ६० महिनेही प्रत्येक पॉलिसीचे वेगळे मोजले जातात. म्हणून जोड-पॉलिसी निवृत्तीनंतर घेण्यापेक्षा निवृत्तीच्या तीन-चार वर्षे आधी, कंपनीचा समूह विमा चालू असतानाच घ्यावी. सुपर टॉप-अप घेण्यासाठी मूळ पॉलिसी वैयक्तिकच असली पाहिजे असे नाही. वजावटीपर्यंतचा खर्च कंपनीच्या समूह विम्यातून झाला तरी चालतो आणि खिशातून झाला तरी चालतो. नोकरीतल्या त्या वर्षांत प्रतीक्षा कालावधी पूर्ण होऊन जातो आणि तोवर वयही लहान असल्याने प्रस्ताव सहसा नाकारला जात नाही. आपले वाचक असलेल्या पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या नोकरदारांनी या पत्रातली दुसरी कोणतीही गोष्ट विसरली तरी ही विसरू नये.

आता सर्वांत गुंतागुंतीच्या मुद्द्याकडे येतो. मूळ पॉलिसीची विमा रक्कम ५ लाख असली तरी ती प्रत्यक्षात ५ लाख देतेच असे नाही. ज्येष्ठांसाठीच्या अनेक पॉलिसींत सहभागाची, म्हणजे को-पेची, अट असते. २० टक्के को-पे असेल आणि बिल ५ लाखांचे झाले तर पॉलिसी ४ लाख देते आणि १ लाख रुग्णाने भरायचा असतो. हा १ लाख सुपर टॉप-अपमधून मिळत नाही, कारण बिलाने ५ लाखांची रेषा ओलांडलेलीच नाही. खोलीभाड्याची मर्यादा हा याहून कठीण विषय आहे. मर्यादा दिवसाला ५,००० रुपयांची असताना रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत राहिला, तर फक्त जादा ३,००० रुपये कापले जातील अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ज्या पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचे कलम आहे, तिथे शल्यविशारदाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, परिचर्या अशा खोलीच्या दर्जाबरोबर वाढणाऱ्या सर्व शुल्कांना पाच-अष्टमांश हे प्रमाण लावले जाते. ही शुल्के ३ लाख २० हजार असतील तर २ लाखच मंजूर होतात आणि १ लाख २० हजार कापले जातात. औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असे प्राधिकरणाने ठरवून दिले आहे. बिल हाती आल्यावर तेवढे तरी प्रत्येकाने पडताळून पाहावे.

कापलेले हे १ लाख २० हजार सुपर टॉप-अपच्या वजावटीत मोजले जातील की नाही, हा माझ्या मते जोड-पॉलिसी विकत घेणाऱ्याने विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. काही पॉलिसी स्वतःच्या अटींनुसार बिल नव्याने तपासतात. त्यांच्यात खोलीभाड्याला मर्यादा नसेल तर पूर्ण बिल धरले जाते आणि मग वजावट लवकर पूर्ण होते. काही पॉलिसींत मात्र खोलीभाड्याची स्वतःची मर्यादा असते आणि तिच्यात जे बसते तेवढेच मोजले जाते, मग रुग्णाने खिशातून भरलेले पैसे दोन्ही पॉलिसींच्या हिशेबाबाहेर राहतात. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती न पटल्यास परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्या ३० दिवसांत हा प्रश्न कंपनीला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी उत्तराचा दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

या सगळ्याचा विचार करून मी संघातील सभासदांना असे सांगतो की वजावटीची रक्कम मूळ पॉलिसीच्या विमा रकमेवरून ठरवू नये. ती पॉलिसी को-पे आणि कपात जाऊन प्रत्यक्षात किती देईल याचा अंदाज करावा आणि वजावट त्याच्या आसपास ठेवावी. ५ लाखांची मूळ पॉलिसी प्रत्यक्षात ४ लाखच देणारी असेल तर ४ लाखांच्या किंवा, तशी सोय नसल्यास, ३ लाखांच्या वजावटीचा सुपर टॉप-अप थोडा महाग पडला तरी घ्यावा. ते परवडत नसेल तर त्या फरकाची रक्कम पती-पत्नी दोघांपैकी कोणाच्याही सहीने मोडता येईल अशा मुदत ठेवीत वेगळी ठेवावी. ती ठेव हाही विम्याचाच एक भाग समजावा. रात्री अकरा वाजता रुग्णालयाने अनामत मागितली की कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत तीच उपयोगी पडते.

पती-पत्नींसाठी सुपर टॉप-अप फ्लोटर घ्यावा की दोघांचे वेगवेगळे, हा प्रश्नही नेहमी येतो. फ्लोटरमध्ये दोघांची बिले एकाच वजावटीत मोजली जातात, त्यामुळे वजावट लवकर ओलांडली जाते आणि हा मोठा फायदा आहे. वयात फार अंतर असेल तर मात्र फ्लोटरचा हप्ता मोठ्याच्या वयावरून ठरतो, हे लक्षात घ्यावे.

७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड उपलब्ध आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी नाही आणि खासगी मेडिक्लेम असला तरी ते घेता येते. केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एकच योजना निवडावी लागते. कुटुंबातील ७० वर्षांवरील सर्वांना मिळून वर्षाला ५ लाखांचे हे संरक्षण आहे आणि प्रत्येक पात्र ज्येष्ठाने हे कार्ड काढून ठेवावे. आपल्या राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही दीड लाखावरून ५ लाखांवर गेली आहे. तरीही ‘वय वंदना कार्ड हीच माझी मूळ पॉलिसी, आता वर फक्त सुपर टॉप-अप घेतो’ असा हिशेब मला धोक्याचा वाटतो. त्या योजनेत संलग्न रुग्णालयात ठरलेल्या पॅकेजच्या दराने उपचार होतात आणि रुग्णाला बिल द्यावे लागत नाही. मग वजावटीत मोजायला बिलच उरत नाही. उलट, संलग्न नसलेल्या रुग्णालयात जावे लागले तर कार्ड चालत नाही आणि सुपर टॉप-अपच्या खालचे पूर्ण ५ लाख स्वतः भरावे लागतात. कार्ड आणि मेडिक्लेम ही दोन समांतर साधने आहेत. एकावर दुसरे रचता येईल अशी त्यांची बांधणी नाही. ज्यांना मूळ मेडिक्लेमचा हप्ता खरोखरच झेपत नाही, त्यांनी कार्डावर विसंबून, जवळची संलग्न रुग्णालये आणि तेथे आपल्या आजारावर कोणते उपचार होतात हे आधी जाऊन पाहून ठेवावे.

बँकांतून व सार्वजनिक उपक्रमांतून निवृत्त झालेल्यांना समूह विमा आणि त्यावर समूह सुपर टॉप-अप असा पर्याय पुष्कळदा असतो. जुन्या आजारांसाठी तेथे सहसा अडवणूक होत नाही, म्हणून तो सोडण्याची घाई करू नये. मात्र जीएसटीची सवलत वैयक्तिक पॉलिसींना आहे, समूह पॉलिसींना नाही, आणि समूह विम्याच्या अटी व हप्ता दरवर्षी नव्याने ठरतात, त्यामुळे दरवर्षीचे परिपत्रक वाचणे आवश्यक ठरते.

हॉस्पिटल कॅश आणि गंभीर आजाराची पॉलिसी हेही जोड म्हणून विकले जातात. पहिल्यात दिवसाला ठरावीक रक्कम मिळते. मूळ पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तू आणि सोबत राहणाऱ्याचा खर्च त्यातून निघतो, पण हृदयशस्त्रक्रियेच्या बिलापुढे ती रक्कम अपुरीच पडते. दुसऱ्यात यादीतल्या आजाराचे निदान झाल्यावर एकरकमी पैसे मिळतात. कमावत्या वयात पगार बुडाला तर त्याचा आधार असतो. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्याचे उत्पन्न आजारपणात थांबत नाही, म्हणून साठीनंतर त्यासाठी मोठा हप्ता भरणे मला योग्य वाटत नाही. तो पैसा सुपर टॉप-अपमध्ये घालावा.

हप्त्याबद्दल एक दिलासा असा की ३० जानेवारी २०२५ च्या निर्देशानुसार ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत केली पाहिजे. तसेच ६५ वर्षांपर्यंतच नवी पॉलिसी मिळते ही जुनी समजूतही आता सोडून द्यावी, कारण नव्या नियमांत कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी आणणे अपेक्षित आहे. कोणत्या वयापर्यंत प्रवेश द्यायचा हे प्रत्येक पॉलिसीत वेगळे असते, इतकेच.

दाव्याच्या वेळी दोन पॉलिसींचा मेळ कोणी घालायचा, यावर प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट तरतूद आहे, पण ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. पॉलिसीधारकाने आधी कोणत्या पॉलिसीतून दावा करायचा हे तो ठरवतो, ती कंपनी प्रमुख विमाकर्ता मानली जाते, आणि तिची रक्कम पुरत नसेल तर उरलेल्या रकमेसाठी इतर विमा कंपन्यांशी समन्वय साधण्याची जबाबदारी तिच्यावर आहे. असे असूनही रुग्णालयाच्या विमा कक्षात आजही मुलांना किंवा सुनेला ‘पहिल्या कंपनीचा हिशेब झाला की दुसरीकडे तुम्ही स्वतः कागद द्या’ असे सांगितले जाते. या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी मागणी करावी. शिवाय बिल वजावटीपर्यंत जाईल की नाही याची वाट न पाहता, दाखल होताच दोन्ही कंपन्यांना कळवावे आणि पहिल्या कंपनीचे दावा-मंजुरीचे पत्र व बिलांच्या प्रमाणित प्रती रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वीच मागून घ्याव्यात. मूळ आणि जोड अशा दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असतील तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि हप्त्यात थोडा फरक पडला तरी सत्तरीच्या जोडप्याने, विशेषतः मुले परगावी किंवा परदेशी असतील तर, हीच सोय निवडावी असे मी म्हणेन.

अखेरीस प्राधिकरणाकडे आणि आपल्याकडे एकेक मागणी आहे. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक देणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, मिळू शकते. हे पत्रक उपयुक्त आहे आणि प्रत्येकाने ते मराठीत मागून घ्यावे. पण ते एका पॉलिसीबद्दल बोलते. टॉप-अप किंवा सुपर टॉप-अप विकताना कंपनीने आणखी एक पान जोडावे, ज्यात वजावट प्रत्येक बिलावर आहे की वर्षाच्या बेरजेवर, ती कोणत्या तारखेपासून मोजली जाईल, मूळ पॉलिसीने कापलेली रक्कम तीत धरली जाईल की नाही, आणि वर्षात ४ लाख व साडेचार लाख अशी दोन बिले आली तर ही पॉलिसी नेमके किती रुपये देईल, हे आकड्यांत लिहिलेले असावे. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने त्या पानावर सही करावी. २०१९ मध्ये असे एक पान माझ्यासमोर आले असते तर त्यावरचे शून्य मला तेव्हाच दिसले असते.

आपल्या वृत्तपत्रात आरोग्य विम्याचे तुलनात्मक तक्ते प्रसिद्ध होतात, तेव्हा हप्ता आणि विमा रक्कम यांच्या शेजारी या दोन बिलांच्या उदाहरणाचाही एक रकाना द्यावा, ही आपल्याला विनंती. आमच्या संघात दर गुरुवारी आम्ही तीन-चार जण सभासदांच्या पॉलिसी घेऊन बसतो आणि हा रकाना हाताने भरतो. आतापर्यंत पाहिलेल्या टॉप-अप पॉलिसींपैकी पुष्कळांच्या मालकांना आपली पॉलिसी साधी आहे की सुपर, हे आधी माहीत नव्हते.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वाचक,
चिंचवड, पुणे